"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडलेत" असं नेमकं कोण म्हणतंय ते आधी बघा

परवा रात्री साडेनऊला मिरजेहून मावशीचा फोन. उचलला तर तिच्या आवाजाच्या आधी मागून भोंगाच ऐकू आला, अँ अँ अँ करत, आणि त्याच्यावर एक बाई इंग्रजीत बजावतेय की कॉम्प्युटर बंद करू नका, तुमचा डेटा चोरीला जातोय. मावशी म्हणाली, "अरे, हा ओरडायला लागलाय आणि काही केल्या गप्प बसेना, सगळं निळं झालंय, खाली एक नंबर आलाय, करू का फोन त्यावर?" नंबर तिने पेपरच्या कडेला लिहूनसुद्धा घेतला होता. नशीब, आधी मला लावला.

ती करत काय होती, तर आरती संग्रहाची पीडीएफ शोधत होती. कुठल्यातरी साईटवर डाउनलोडची चार हिरवी बटणं, त्यातलं एक दाबलं आणि हे सुरू. असले फोन मला वर्षातून सात-आठ तरी येतात, सोसायटीतल्या काकांचे, बायकोच्या ऑफिसातल्यांचे, त्यामुळे एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

पहिली गोष्ट. ब्राउजरमध्ये उघडलेल्या पानाला तुमचा कॉम्प्युटर स्कॅन करताच येत नाही. क्रोम, एज, फायरफॉक्स, सगळे ब्राउजर वेबसाईटला एका बंद खोलीत ठेवतात, तिला तुमच्या सी ड्राइव्हमध्ये काय आहे ते दिसत नाही. त्या पानाला जे कळतं ते एवढंच की तुम्ही विंडोज वापरताय की मॅक, ब्राउजर कुठला, आणि आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट कनेक्शनच्या नंबरवरून, साधारण कुठलं गाव. म्हणूनच अलर्टमध्ये 'लोकेशन सांगली' वगैरे लिहून येतं आणि माणूस टरकतो, की बाबा यांना तर माझा पत्तासुद्धा माहितीये. माहिती काही नसतं. फाइलींची नावं भराभर सरकतात, टक्के वाढत जातात, ते सगळं ॲनिमेशन, सिनेमातल्या बॉम्बच्या घड्याळासारखं. तेच पान तुम्ही कोऱ्या करकरीत लॅपटॉपवर उघडलं तरी तेच ५ व्हायरस सापडणार.

दुसरी खूण फोन नंबर. मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवलंय की त्यांच्या एरर आणि वॉर्निंगच्या मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की विषय संपला, बाकी लोगो, निळा रंग, ०एक्स२६८डी३ असले एरर कोड बघत बसू नका.

भोंगा बंद कसा करायचा

पान फुल स्क्रीन होतं, माऊसचा बाण गायब होतो किंवा खोटा बाण दिसतो, त्यामुळे वाटतं की कॉम्प्युटर हँग झालाय. झालेला नसतो. एस्केपचं बटण दाबून धरायचं, टॅप नाही करायचं, दोन-तीन सेकंद धरून ठेवायचं. मावशीला हे तीनदा सांगितलं, ती आपली दाबतेय सोडतेय, दाबतेय सोडतेय, शेवटी म्हटलं डोअरबेल नाहीये ती, धरून ठेव, तेव्हा पान छोटं झालं आणि वरती क्रोमची फुली दिसली. तेवढ्याने नाही झालं तर ऑल्ट आणि एफ४. तेही नाही तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदम दाबा, हा जो स्क्रीन येतो त्याला कुठलीही वेबसाईट हात लावू शकत नाही, तिथून टास्क मॅनेजर उघडायचा, लिस्टमध्ये ब्राउजरवर क्लिक करून एंड टास्क. मॅकवर कमांड, ऑप्शन, एस्केप. आणि काहीच जमत नसेल, घाबरून हात थरथरत असतील, तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून सरळ बंद करा. ती बाई 'बंद करू नका' म्हणतेय ना, तिच्या धंद्याचं ते वाक्य आहे. फार तर सेव्ह न केलेली फाइल जाईल.

आता गंमत ऐका. सगळं बंद झालं, मावशीने परत क्रोम उघडलं, वरती कोपऱ्यात आलं की क्रोम नीट बंद झालं नव्हतं, पानं रिस्टोर करू का, आणि शहाणीने रिस्टोर दाबलं. परत भोंगा, परत तीच बाई. तर ते रिस्टोर दाबायचं नाही, फुली मारायची. मग मागच्या २४ तासांची हिस्टरी आणि कॅश, म्हणजे ब्राउजरने साठवून ठेवलेली पानं, उडवून टाका, डाउनलोड फोल्डर उघडून बघा की त्या साईटवरून एखादी फाइल उतरलीये का, असेल तर न उघडता डिलीट. उघडली नसेल तर बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं.

दोन दिवसांनी परत आलं तर

हे फार जणांचं होतं. कोपऱ्यात खाली छोट्या चौकोनात येत राहतं, 'तुमचं अँटीव्हायरस संपलं', '५ धोके सापडले', ब्राउजर मिनिमाईज असला तरी येतं, त्यामुळे माणसाला खात्रीच पटते की व्हायरस आतमध्ये आहे. तो व्हायरस नसतो, नोटिफिकेशन असते, आणि परवानगी तुम्हीच दिलेली असते. कुठल्यातरी साईटवर आलं असेल की 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा', तुम्ही दाबलं. झालं.

क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे अलाऊवाल्या साईटींची यादी असते. मावशीच्या यादीत मला १४ साईटी दिसल्या, त्यातली ओळखीची एक, बँकेची नाही हां, पाककृतींची. बाकी सगळ्या काढून टाकल्या आणि वरतीच 'साईट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' ते ठेवून दिलं. खरं सांगायचं तर मला आजवर एकाही वेबसाईटच्या नोटिफिकेशनचा उपयोग झालेला नाही. तेवढ्यात एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउजरला जोडलेल्या छोट्या ॲपची, यादीपण बघून घ्या, कूपन शोधणारे, पीडीएफ कन्व्हर्ट करणारे, आपण कधी टाकले तेच आठवत नाही असे असतील तर उडवा.

मोबाईलवर हाच प्रकार वेगळ्या वेषात येतो. 'तुमचा फोन २८.१ टक्के डॅमेज झालाय, ४ व्हायरस आहेत, सिम कार्ड खराब होईल', हे तुम्हीही कधीतरी बघितलं असेल, वर्षानुवर्षं तोच २८.१ आकडा फिरतोय, निदान दशांश तरी बदलायचा. टॅब बंद करायचा, बास. शंका असेल तर प्ले स्टोअर उघडा, वरती तुमच्या फोटोवर टॅप, प्ले प्रोटेक्ट, स्कॅन. पण अँड्रॉइडवर खरी भीती पॉपअपची नाही, व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलींची आहे. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन, बँकेचे रिवॉर्ड पॉइंट, नाव काहीही असेल, शेवटी डॉट एपीके असेल तर ते ॲप आहे, पत्रिका नाही, आणि इन्स्टॉल केलं की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, वाचतं. ते कोणी टाकून बसलं असेल तर मात्र लगेच फोन फ्लाइट मोडवर आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

फोन केलाच असेल तर

समोरचा माणूस अतिशय गोड बोलतो, आधी एनीडेस्क किंवा अल्ट्राव्ह्यूअर, म्हणजे लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवता येणारं रिमोटचं ॲप, टाकायला लावतो. मग स्क्रीन हातात आली की इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडतो, त्यात लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो ओळी असतात, म्हणतो हे बघा सर सगळे व्हायरस. ते प्रत्येक विंडोजमध्ये असतात, माझ्यापण आहेत, अमुक सर्व्हिस उशिरा सुरू झाली वगैरे नोंदी. दुसरी जादू कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीतली. तो असॉक अशी कमांड टाकतो आणि ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक नंबर दाखवून म्हणतो, हा तुमच्या कॉम्प्युटरचा सिक्रेट लायसन्स नंबर, आमच्याकडे हाच आहे, बघा जुळतो की नाही. जुळणारच, कारण तो जगातल्या सगळ्या विंडोजवर एकच आहे, 'सेंड टू' मेनूच्या एका कामासाठीचा. जुळलं म्हटल्यावर शिकलेसवरलेले लोकही पैसे देतात, त्यांना हसू नका, ती नाटकं बसवलेली असतात.

बोलणारे बऱ्याचदा आपल्याच देशातले असतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र-२ मध्ये ७६ ठिकाणी छापे टाकले, त्यात टेक सपोर्टच्या नावाने परदेशातल्या लोकांना गंडवणारी कॉल सेंटरं होती, मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून. त्यामुळे अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आईबाबांना समोरून ओळखीच्या वळणाचं इंग्रजी ऐकू आलं की उलट जास्त विश्वास बसतो, हे एक वेगळंच.

तर कोणी आत येऊन गेलं असेल तर या क्रमाने करा.

१. वायफाय बंद, राउटरचा स्विच बंद केला तरी चालेल. इंटरनेट गेलं की तो बाहेर.
२. पैसे गेले असतील किंवा कार्ड नंबर दिला असेल तर ताबडतोब बँकेला फोन, नंबर कार्डाच्या मागचा. गूगलवर 'कस्टमर केअर नंबर' शोधायचा नाही, तिथे याच लोकांचे भाऊबंद बसलेत.
३. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर. जितकं लवकर तितकं पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता.
४. ते रिमोटचं ॲप काढा, इन्स्टॉल झालेल्या ॲपची यादी तारखेप्रमाणे लावून त्या दिवशीचं अजून काय आलंय ते बघा.
५. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून. सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकीचे सगळे त्याच्यावरूनच रीसेट होतात.

लाज वाटून गप्प बसणारे फार आहेत. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात असं आहे की तुमच्या चुकीने, म्हणजे पिन-ओटीपी सांगून, पैसे गेले तर तुम्ही बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे सकाळी बघू म्हणून झोपलात तर ती रात्र तुमच्या खात्यावर.

मग स्कॅन. विंडोजमध्येच असलेलं विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि तिथे डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं. दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचाच सेफ्टी स्कॅनर फुकट मिळतो, डाउनलोड केल्यापासून १० दिवस चालतो, नंतर नवीन घ्यावा लागतो. नाहीतर मालवेअरबाइट्सचं फुकट व्हर्जन. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही आहे, सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेलं, तिथेही सफाईची टूल्स फुकट आहेत. नाव ऐकून मीपण आधी हसलो होतो, पण काम करतात.

बरं मग अँटीव्हायरस कुठलं घेऊ

हा प्रश्न हमखास येतो, आणि इथेही माझं म्हणणं तेच, आधी बघा की सांगणाऱ्याला पैसे कोण देतंय. भोंगेवाला उघड चोर आहे. पण 'टॉप १० बेस्ट अँटीव्हायरस' असं शोधल्यावर वर येणाऱ्या साईटींपैकी बऱ्याच तुम्ही त्यांच्या लिंकवरून विकत घेतलं की कमिशन खातात, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. काही साईटी तर विकणाऱ्याच्याच मालकीच्या. केप टेक्नॉलॉजीज म्हणून कंपनी आहे, तिच्याकडे व्हीपीएनच्या, म्हणजे इंटरनेटवर तुमचा आयपी ॲड्रेस लपवणाऱ्या सेवेच्या, कंपन्या आहेत, इंटेगो हे मॅकचं अँटीव्हायरस आहे, आणि २०२१ मध्ये तिने व्हीपीएन रिव्ह्यू करणाऱ्या साईटी विकत घेतल्या. आता सासूनेच सुनेच्या स्वयंपाकाला मार्क द्यायचे, तेही टीव्हीवर.

मोठं दुकान म्हणजे खात्रीचं, असंही नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची दुकानांची साखळी आहे, तिथे कॉम्प्युटर नेला की फुकट 'पीसी हेल्थ चेक' करायचे. सुरुवातीला चार प्रश्न, कॉम्प्युटर स्लो झालाय का, पॉपअप येतात का, असे, आणि एकावर जरी टिक केली तरी रिपोर्टमध्ये मालवेअरची, म्हणजे व्हायरससारख्या घातक प्रोग्रामची, लक्षणं दिसायचीच, मशीन स्वच्छ असलं तरी, मग दुरुस्तीचं बिल. २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑफिस डेपो आणि ते सॉफ्टवेअर देणारी कंपनी यांच्याकडून मिळून साडेतीन कोटी डॉलर वसूल केले. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला आमच्या इथल्या एका दुकानदाराने दोन अँटीव्हायरस आणि एक 'क्लीनर' टाकून दिला होता, तिन्हीचे पैसे लावून. दोन अँटीव्हायरस एकमेकांवरच संशय घेत बसतात, लॅपटॉप चालू व्हायला सात मिनिटं लागायची, तेवढ्यात चहा होऊन पिऊनही व्हायचा.

फुकटचंही बघून घ्या. अव्हास्ट या अँटीव्हायरसच्या कंपनीवर त्याच कमिशनने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायची वेळ आणली, लोकांची ब्राउजिंगची माहिती एका उपकंपनीमार्फत विकली म्हणून. ती उपकंपनी २०२० मध्येच बंद झाली होती, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मग विश्वास कुणावर. मी तीन प्रयोगशाळांचे आकडे बघतो. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्हज आणि लंडनची एसई लॅब्स. त्यांनाही कंपन्यांकडून पैसे मिळतात हे खरं, पण टेस्ट कशी केली ते छापतात आणि कमी मार्क पडलेल्यांची नावंही छापतात, त्यामुळे तुलना करता येते. एव्ही-टेस्ट १८ पैकी गुण देते, संरक्षणाला ६, वेगाला ६ आणि वापरायला सोपं का, उगाच ओरडतं का, त्याला ६. एका महिन्याच्या निकालावर जाऊ नका, दोन-तीन वर्षांचे मागचे बघा. एव्ही-कंपॅरेटिव्हजमध्ये मी सगळ्यात आधी खोट्या अलार्मचा आकडा बघतो. चांगल्या फाइलीला व्हायरस म्हणणारं अँटीव्हायरस घरी असलं की लोक कंटाळून ते बंद करतात आणि मग खरा येतो.

ते निकाल बघितलेत तर दिसेल की विंडोजमध्ये आधीपासून असलेला डिफेंडर गेली काही वर्षं एव्ही-टेस्टमध्ये पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गुण घेतोय. मावशीसारख्यांना, ज्यांचं काम ईमेल, यूट्यूब आणि लाईट बिल, त्यांना तो पुरे. पैसे देऊन घ्यायचंच असेल, सपोर्टला मराठीत बोलायचंय, दुकानाचे चार कॉम्प्युटर आहेत, तर घ्या की. क्विक हील पुण्याचंच आहे, कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात केली आणि धाकट्या भावाने, संजयने, १९९५ च्या सुमाराला अँटीव्हायरस लिहिलं, आपल्याकडच्या कितीतरी जणांनी आयुष्यातलं पहिलं अँटीव्हायरस तेच बघितलंय. पण अभिमान वेगळा आणि मार्क वेगळे, त्याचेही मार्क बघूनच घ्या. आणि कुठलंही घेतलंत तरी कंपनीच्या स्वतःच्या साईटवरून किंवा सीलबंद बॉक्स, तीन वर्षांची लायसन्स की दोनशे रुपयांत देणाऱ्याकडून नको.

विंडोज १० वाल्यांसाठी वेगळं सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला. अँटीव्हायरस कितीही भारी असलं तरी विंडोजमधली भोकं ते बुजवत नाही, त्यामुळे ११ वर जाता येत असेल तर आधी ते करा, मग अँटीव्हायरसचा विचार.

एखाद्याच फाइलवर संशय असेल तर व्हायरसटोटल. गूगलच्या मालकीची साईट आहे, फाइल टाकली की साठ-सत्तर अँटीव्हायरसचं मत एकदम मिळतं. सत्तरपैकी एक-दोघेच बोंबलत असतील तर बहुतेक खोटा अलार्म, तीस बोंबलत असतील तर डिलीट करा. फक्त तिथे आधार कार्ड, पगाराची स्लिप असलं काही टाकू नका, टाकलेली फाइल तिथल्या संशोधकांनाही मिळते.

ईमेलवर येणारी रिन्यूअलची बिलं, 'तुमच्या खात्यातून इतके हजार कापले, रद्द करायला या नंबरवर फोन करा', ती भोंग्याचीच चुलत बहीण. खात्याचं स्टेटमेंट बघा, काही कापलेलं नसतं.

आणि मला किंवा कोणालाही विचारताना 'व्हायरस आलाय, काय करू' एवढंच लिहू नका हो. दुसऱ्या मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा, सगळी अक्षरं आली पाहिजेत. विंडोज कुठलं, त्या आधी काय करत होतात, काय दाबलंत, हे सगळं सांगा, ओरडणार नाही. खरा अलर्ट कसा ओळखायचा, तर अलर्टवर क्लिक करायचंच नाही, स्टार्टमधून विंडोज सिक्युरिटी आपल्या हाताने उघडायची आणि प्रोटेक्शन हिस्टरी बघायची. तिथे नोंद असेल तर खरा. त्यात धोक्याचं नाव असतं, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता असतो, काय कारवाई केली ते असतं, आणि पैसे किंवा फोन नंबर काही नसतं.

काल मावशीने असाच फोटो पाठवला, कोपऱ्यात तिचा अंगठा आलाय पण अक्षरं स्वच्छ. प्रोटेक्शन हिस्टरीतली नोंद, क्वारंटाइन केलेली, म्हणजे वेगळी कोंडून ठेवलेली, फोल्डर डाउनलोड्स, फाइलचं नाव आरती संग्रह पीडीएफ आणि त्याच्या पुढे डॉट ईएक्सई, म्हणजे पीडीएफ नाही, चालणारा प्रोग्राम. म्हणजे भोंग्याच्या रात्री नाही तरी नंतर तिने परत शोधलंच होतं, आणि या वेळेला अलर्ट खरा होता. रिमूव्ह दाबायला सांगितलं, तिने दाबलं. संध्याकाळी अप्पा बळवंत चौकात जाऊन छापील आरती संग्रह घेतला आणि कुरिअर केला.